आगगाडीची प्रतिकृती आणि हरवलेली वही

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचे नाव सर्वांस ठाऊक असते. परंतु ज्या खेळण्यावरून ते नाव पडले, ती मातीची गाडी नाटकात किती थोडा वेळ येते याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेला असतो. घरची मातीची गाडी त्यास नकोशी होते व तो रडू लागतो. वसंतसेना आपले अलंकार उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते, आणि पुढे तेच अलंकार चारुदत्ताच्या जिवावर बेततात. गावातील मुलांस फावल्या वेळी संस्कृत शिकविताना हा प्रसंग मी कित्येकदा सांगितला असेन. खेळण्यातली गाडी वडील माणसांसही गोत्यात आणू शकते, हे मात्र मला परवापरवापर्यंत नुसते पुस्तकातच ठाऊक होते.

गेल्या गणपतीस माझा पुतण्या डब्लिनहून आला. तो आयर्लंडात नोकरीस गेल्याला आता नऊ वर्षे झाली. येताना त्याने आईसाठी लोकरीची शाल आणली, मुलांसाठी चॉकलेटे आणली आणि स्वतःसाठी म्हणून पुठ्ठ्याच्या अकरा पेट्या आणल्या. माजघरात सतरंजी अंथरून त्याने त्या एकेक उघडल्या. प्रत्येक पेटीतून वीतभर लांबीचे इंजिन किंवा डबा निघू लागला. थोरल्या वहिनींनी सहज किंमत विचारली. एका इंजिनास दोनशे युरोच्या आसपास पडतात हे ऐकून त्या म्हणाल्या, "एवढ्यात आपल्या विहिरीचा पंप नवा झाला असता रे!" पुतण्या हसला. मला मात्र हसू आले नाही. माझेही मत वहिनींसारखेच होते आणि ते मी त्यास तेथेच ऐकविले.

आमच्या या किनाऱ्यास आगगाडीचे अप्रूप का वाटावे, हे घाटावरच्या वाचकांस सांगितले पाहिजे. रेवदंडा, चौल, अलिबाग, मुरूड या पट्ट्यातील माणसांची आगगाडी म्हणजे आगबोट होती. मुंबईस जावयाचे तर रेवसवरून जावयाचे. आणि १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला येणारी 'रामदास' बोट बुडाली, त्या दिवसाच्या आठवणी आमच्याकडे अजून घरोघर निघतात. देशातली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. तीन वर्षांनी लोहमार्ग खोपोलीपर्यंत, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात आला. पण तो डोंगराच्या पायथ्याशी. पुढे रोह्यास रेल्वे आली, कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून सलग धावू लागली, थळच्या खतकारखान्यासाठी पेणहून मालगाडीचा फाटाही आला. तथापि उतारूंची गाडी अलिबागेस आलेली नाही. असल्या गावात वाढलेल्या मुलास आगगाडीचे वेड लागावे हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

असो. पेट्यांतील इंजिने पाहू लागलो तसतसा माझा मास्तरकीचा स्वभाव जागा झाला. ती खेळणी नव्हतीच. दरवाजाची मूठ, पायरी, छपरावरील पंख्याची जाळी, इतकेच नव्हे तर क्रमांकाचे आकडेही मुळाबरहुकूम होते. त्यातले एक इंजिन आयर्लंडच्या सरकारी रेल्वेने १९६२ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सकडून घेतलेल्या डिझेल इंजिनांपैकी एकाचे चित्र होते. त्याच साली त्याच कंपनीची डिझेल इंजिने आपल्या भारतीय रेल्वेतही आली होती, असे पुतण्याने सांगितले. लहानशा देशाच्या गाड्यांच्या प्रतिकृती पूर्वी कोणी विकावयास काढीत नसे. हौशी माणसांनी इंग्लिश गाड्यांवर निराळा रंग चढवून समाधान मानावे, अशी स्थिती होती. मर्फी मॉडेल्स नावाच्या आयरिश संस्थेने, आणि तिच्यानंतर आणखी एकदोघांनी, खास आयरिश गाड्या नीट मोजून करविल्या, तेव्हा हा छंद तिकडे फोफावला.

"प्रमाण काय?" मी विचारले.

"एका फुटाला चार मिलिमीटर, काका."

मी फूटपट्टी मागविली. इंजिनाची लांबी बरोबर, उंची बरोबर. रुळांमधील अंतर मोजले ते साडेसोळा मिलिमीटर भरले. आयर्लंडातील मोठ्या गाड्यांच्या रुळांमधील अंतर पाच फूट तीन इंच आहे हे त्याने आधीच सांगितले होते. सव्वापाचला चाराने गुणिले तर एकवीस होतात. मग साडेचार मिलिमीटर गेले कोठे? खऱ्या मापात ती तूट एक फूट दीड इंचाची होते! सर्व अंगे प्रमाणात आणि पाय मात्र जवळजवळ, असे ते इंजिन होते.

पुतण्याने जे सांगितले ते मोठे मौजेचे आहे. आयर्लंडात पहिली आगगाडी १८३४ साली डब्लिन ते किंग्जटाऊन अशी इंग्लंडच्या मापाने, म्हणजे चार फूट साडेआठ इंचांनी धावली. उत्तरेकडील कंपनीने आपले रूळ सहा फूट दोन इंचांवर टाकले. तिसरी कंपनी पाच फूट दोन इंच म्हणू लागली. एकाच बेटात तीन मापे! तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी सर्वांची मते घेऊन मधले एक माप ठरविले आणि १८४६ च्या कायद्याने ते पाच फूट तीन इंच कायम झाले. हे माप पुढे ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत व ब्राझीलमध्ये गेले. आपल्याकडे लॉर्ड डलहौसी यांच्या कारकीर्दीत पाच फूट सहा इंच ठरले. म्हणजे आयरिश रुळांहून आपले रूळ अवघे तीन इंच रुंद. इंग्लंडात तयार मिळणारे खेळण्यातले रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे असल्यामुळे आयरिश हौशी मंडळी निमूटपणे त्यांवरच आपल्या गाड्या चालवितात. काही थोडे हट्टी लोक मात्र एकवीस मिलिमीटरांचे रूळ हाताने घालतात. मला ते हट्टी लोक एकदम आवडले.

यानंतर त्याने शेवटची पेटी उघडली. हीत तयार गाडी नव्हती. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील तीन फुटी रुळांच्या एका छोट्या गाडीचे सुटे भाग होते, आणि ते तो स्वतः जोडीत होता. फुटास चार मिलिमीटर या हिशेबाने तीन फुटांचे बारा मिलिमीटर होतात, आणि बारा मिलिमीटरांचे रूळ बाजारात तयार मिळतात. म्हणजे मोठ्या गाडीस जे खोटे माप सोसावे लागते ते या धाकटीस सोसावे लागत नाही. पण गंमत अशी की, तिचे माप बिनचूक उतरते खरे, परंतु ती खरी गाडीच आज राहिलेली नाही.

या धाकट्या गाड्यांच्या हकीकती ऐकताना गौरी येऊन गेल्या तरी आमचे बोलणे संपेना. ट्रेली ते डिंगल हा मार्ग १८९१ साली सुरू झाला. समुद्राकाठचा डोंगराळ, गरीब मुलूख. एकोणतीस फुटांत एक फूट असा चढ. १९३९ साली उतारूंची वाहतूक थांबली, आणि नंतर डिंगलच्या गुरांच्या बाजारासाठी महिन्यातून एकदा गाडी जावयाची, ती १९५३ पर्यंत. क्लेअर परगण्यातील वेस्ट क्लेअर गाडी तर उशिरा येण्याबद्दलच नावाजलेली. पर्सी फ्रेंच नावाचे एक विनोदी गायक होते. १८९६ साली तिने त्यांस कार्यक्रमास वेळेवर पोचविले नाही, म्हणून त्यांनी फिर्याद करून दहा पौंड भरपाई मिळविली. आणि पुढे १९०२ च्या सुमारास त्या गाडीवर असे गाणे रचले की आजही आयर्लंडात ते पोरासोरांच्या तोंडी आहे. ती गाडी ३१ जानेवारी १९६१ रोजी बंद झाली. लिस्टोवेल ते बॅलीबनियन ही गाडी तर जमिनीपासून उंच अशा एकाच रुळावर खोगिरासारखी बसत असे. दोन्ही बाजूंस वजन सारखे लागे, म्हणून एका बाजूस गाय चढविली तर दुसऱ्या बाजूस दोन वासरे चढवावीत आणि परत येताना एकेक वासरू एकेका बाजूस बसवावे, अशी तिची गोष्ट सांगतात. १८८८ ते १९२४ इतकेच तिचे आयुष्य.

अशा रीतीने ते सर्व जाळे उखडले गेले. रूळ भंगारात गेले, स्थानकांची घरे झाली. जे राहिले ते मुख्यतः मोजमापे घेऊन ठेवणाऱ्यांमुळे. सिरिल फ्राय हे रेल्वेत आराखडे काढणारे एक अभियंते होते. त्यांनी घरी बसून, मूळ आराखड्यांवरून, आयरिश गाड्यांच्या प्रतिकृती हाताने घडविल्या. त्यांचा संग्रह डब्लिनजवळील मालाहाईड येथे प्रथम किल्ल्याच्या आवारात होता व २०२० पासून त्याच गावातील एका जुन्या घरात मांडलेला आहे. "काका," पुतण्या म्हणाला, "ज्यांनी गाडी चालू असताना पट्टी लावली, त्यांच्यामुळेच आज आम्हांला ती पुन्हा करता येते."

त्याने हे सहज म्हटले. मी मात्र उठून पडवीत गेलो. त्याचे कारण आता सांगतो.

माझे मामा नेरळास रेल्वेत नोकरीस होते. मे महिन्यात आम्हां भावंडांस आजोळी पाठवीत, तेव्हा नेरळच्या फलाटावरून माथेरानची गाडी पाहणे हा आमचा नित्यक्रम असे. त्या वेळी डिझेल आले होते, पण वाफेची इंजिनेही होती. प्रत्येक डब्यावर ब्रेक आवळणारा माणूस असे आणि इंजिनाच्या शिटीच्या इशाऱ्याबरोबर ते सर्व एकदम चाक फिरवीत. मामांना सुतारकामाचा नाद. त्यांनी सागाच्या तुकड्यांचे एक इंजिन व दोन डबे आमच्यासाठी केले. आणि ते डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, तर फुरसतीच्या वेळी उभ्या गाडीस फीत लावून. ती सर्व मापे त्यांनी एका लांबट वहीत लिहिली होती. डब्यांची रुंदी, बाकांची उंची, खिडक्यांची संख्या, वाघिणींच्या कड्या, वॉटर पाईप स्थानकाच्या छपराचा उतार, रंगाच्या डब्यावरील नाव, सारे त्यात होते. मामा वारल्यावर वही व लाकडी गाडी मजकडे आली.

सुमारे वीस वर्षांपूर्वी घराची डागडुजी निघाली. माळ्यावरील कागदांचे ढीग मीच खाली काढले आणि जुने पंचांग, शाळेचे पेपर, फाटक्या वह्या असे सर्व एका दुपारी रद्दीवाल्याच्या तराजूत घातले. ती वही त्यात गेली. दोष दुसऱ्या कोणाचाही नव्हे. मी उघडून पाहिली नाही. लाकडी गाडीपैकी एक डबा तेवढा देवघराच्या फडताळात राहिला, कारण आई त्यात वाती ठेवीत असे. पुतण्याने तो डबा बाहेर काढून पाहिला, पट्टी लावली आणि विचारले, "काका, हे इतके बरोबर कसे? मापे कोणी घेतली?" तेव्हा मला हे सर्व सांगावे लागले. तो काही बोलला नाही. मीच रात्री बराच वेळ जागा होतो.

माथेरानच्या गाडीची हकीकत आपल्या जिल्ह्यातील मुलांस पाठ असावयास हवी, पण नसते. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरानचे पठार इंग्रजांच्या नजरेस आणले. मुंबईचे श्रीमंत व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने १९०४ साली रेल्वेचे काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी चालू झाली. खर्च सोळा लक्ष रुपये. रुळांमधील अंतर दोन फूट. लांबी सुमारे एकवीस किलोमीटर. चढ काही ठिकाणी वीस फुटांत एक. डिंगलच्या गाडीच्या चढाची एवढी ख्याती, पण आमच्या गाडीपुढे तो काहीच नव्हे. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी मधली स्थानके. वाटेत बोगदा एकच, आणि तोही इतका आखूड की इंग्रज उतारूंनी त्यास ठेवलेल्या नावाचा अर्थ कुटुंबवत्सल मासिकात न सांगितलेलाच बरा.

पहिली चार इंजिने जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याची. एवढ्या अडचणीच्या वळणांवर सहा चाकांचे इंजिन न अडकता वळावे कसे, हा प्रश्न क्लाइन व लिंडनर यांच्या युक्तीने सोडविला होता. पुढील व मागील आस दुहेरी असे. आत भरीव दांडा, त्यावर पोकळ नळी, आणि चाके त्या नळीस बसविलेली. दांडा फिरला की मधल्या गोलाकार सांध्यामुळे नळीही फिरावयाची. परंतु वळणावर ती थोडी आजूबाजूस सरकू शके व तिरपीही होऊ शके. मनुष्याच्या खांद्यास उखळीचा सांधा असतो, तशातलाच हा प्रकार. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ही वाफेची इंजिने सेवेतून गेली. त्यांपैकी क्रमांक ७३८ चे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे.

गाडी चालू आहे, पण ती कशी चालू आहे तेही पाहावे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले; शंभराव्या वर्षी, २००७ साली, ती पुन्हा सुरू झाली. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे बंद पडली, ती जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण मार्गावर आली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग तोडला, आणि नेरळहून गाडी निघावयास ऑक्टोबर २०२२ उजाडला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाईट ही अडीच फुटी गाडी १८९७ पासूनची. पंढरीच्या वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तिच्यातून प्रवास केला. पण या शतकाच्या आरंभी तिचे रूळ मोठ्या मापाचे झाले आणि जुनी गाडी गेली. गाडी मोठी झाली याबद्दल तक्रार नाही, लोकांची सोय झाली. धाकटीची मापे किती घरांत लिहिलेली आहेत, एवढाच माझा प्रश्न आहे.

मार्गशीर्षात पुतण्या पुन्हा पंधरा दिवसांसाठी आला, तेव्हा आम्ही दोघे पहाटेच्या एस. टी. ने निघालो. पेणवरून खोपोली, तेथून लोकलने नेरळ. त्याच्या हातात पोलादी फीत व माझ्या हातात नवी, लांबट वही. स्थानकावरील मंडळींस आमचा उद्देश सांगितला, तेव्हा त्यांनी उभ्या डब्याजवळ जाऊ दिले. इतकेच नव्हे तर त्यांतील एका तरुणाने फितीचे दुसरे टोक धरले. रुळांमध्ये पट्टी घातली ती ६१० मिलिमीटर. मी लिहीत होतो, तो सांगत होता. स्लीपरांमधील अंतर, पायरीची उंची, खिडकीची चौकट. वर जाताना प्रत्येक स्थानकाच्या इमारतीची दारे, खांब, छपराचा उतार टिपून घेतला. वॉटर पाईपला चढउतारामुळे मला धाप लागली. तरी छपराचा उतार मी स्वतःच मोजला, कारण तो मामांच्या वहीत होता. नंतर परत जाताना त्याने दिल्लीस दोन दिवस मुक्काम करून ७३८ क्रमांकाच्या इंजिनाची मापेही आणली.

परंतु जुन्या डब्यांचे काय? आजचे डबे नवे आहेत. आमच्यापाशी आईच्या वातींचा तो एक लाकडी डबा, आणि त्याचे प्रमाण मामांनी काय धरले होते हे लिहिलेली वही नाही. तेव्हा आम्ही छायाचित्रांकडे वळलो. येथे शाळेतले त्रैराशिक उपयोगी पडले. समोरून काढलेल्या चित्रात रूळ दिसत असतील तर त्यांमधील दोन फूट हे माप निश्चित आहे. तेव्हा त्याच पातळीत जे जे उभे असेल त्याची रुंदी व उंची निघते. जरा मागे असलेली वस्तू मात्र लहान भासते, म्हणून ती या हिशेबात धरता येत नाही. बाजूने काढलेल्या चित्रात रुळांचा उपयोग नाही. तेथे डब्यास टेकून उभा असलेला मनुष्य हीच पट्टी.

पुण्यास कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली उघडलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय आहे, तेथेही आम्ही एक दिवस काढला. अख्खे शहर मांडले आहे आणि त्यातून एकास सत्याऐंशी या प्रमाणाच्या कितीतरी गाड्या सिग्नल पाळीत धावतात. एका मराठी माणसाच्या आयुष्यभराच्या छंदातून ते उभे राहिले हे पाहून ऊर भरून येतो. मुलांस घेऊन अवश्य जावे. माझ्याबरोबर वहिनी होत्या. त्या शेवटपर्यंत काचेजवळून हलल्या नाहीत, आणि बाहेर आल्यावर पंपाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता आमच्या घरात नवा वाद चालू आहे. फुटास चार मिलिमीटर या प्रमाणात माथेरानचे रूळ आठ मिलिमीटरांचे होतात. बाजारात तयार मिळतात ते नऊ मिलिमीटरांचे. आयरिश मोठी गाडी अरुंद पडते, तर आमची धाकटी एका मिलिमीटराने रुंद! पुतण्या म्हणतो, नऊवर चालवू, कोणास कळणार आहे? मी त्यास अमरकोश काढून दाखविला. अमरसिंहाने प्रतिमान, प्रतिबिंब, प्रतिकृती आणि प्रतिनिधी हे शब्द एकाच ठिकाणी दिले आहेत. "तुझे नऊ मिलिमीटर म्हणजे प्रतिनिधी," मी म्हटले; "मला प्रतिमान हवे." तो म्हणाला, "मग रूळ तुम्ही घाला, काका." ते मी पत्करले आहे. पाऊण हात रूळ झाले; स्लीपर सागाचेच आहेत, मामांच्या पेटीतल्या उरलेल्या तुकड्यांचे.

जुन्या डब्यांची मापे अद्याप पुरी होत नाहीत. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ट्रंकेत, आल्बमात किंवा आजोबांच्या पाकिटात माथेरानच्या सहलीचे एखादे छायाचित्र असेल. १९८० पूर्वीचे असेल व त्यात गाडी दिसत असेल, तर त्याची प्रत संपादकांकडे पाठवावी, ही विनंती. रंग गेलेला असला, कोपरा वाळवीने खाल्लेला असला तरी चालेल. आणि डब्याशेजारी कोणी उभे असल्यास ते कोण व त्यांची उंची किती होती, हे घरातील वडील माणसांस विचारून मागील बाजूस लिहावे. पायांत वहाणा होत्या की बूट, तेही.